दाखला शेवटी काढा: शाळा सुटत चाललेल्या मुलाला दहावीपर्यंत नेण्याचा क्रम

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दाखला काढून आणलाय, आता कुठं टाकायचं ते सांगा." आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेला शाळा सोडल्याचा दाखला, आणि मुलगा दाराबाहेर चपलांशी चाळा करत उभा. शेवटी करायचं काम सगळ्यात आधी उरकलेलं असतं. मग पुढचे सहा महिने आधीच्या पायऱ्या शोधण्यात जातात.

हा लेख महाराष्ट्रातल्या १४ ते १७ वयाच्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी आहे. मूल नववीत नापास झालंय, दहावीत जाईनासं झालंय, किंवा वर्षभर घरीच बसलंय, अशा वेळी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, ते यात आहे.

मूल १४ वर्षांखालचं असेल तर पुढचे पर्यायी रस्ते सध्या बाजूला ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही मिळालं पाहिजे. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला त्याचा प्रवेश अडवता येत नाही. त्याची जागा शाळेतच आहे.

## टप्पा १: नाव पटावर राहू द्या

मूल आठवडाभर गेलं नाही, भांडण झालं, मुख्याध्यापकांनी बोलावून सुनावलं, की पालक रागाच्या भरात दाखल्याचा अर्ज देऊन मोकळे होतात. कधी शाळाच सुचवते: "दहावीत याचं काही खरं नाही, दुसरीकडं बघा." दहावीचा निकाल चकचकीत दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच गळतील असं पाहणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. दाखल्याच्या अर्जावर सही पालकाची लागते. ती करू नका.

त्याऐवजी साध्या कागदावर मुख्याध्यापकांना पत्र द्या: मूल अमुक तारखेपासून अनियमित आहे, आम्ही कारण शोधतोय, नाव कमी करू नये. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी बोलणं महिन्याभरानं कुणालाच आठवत नाही.

नाव पटावर असताना आणखी एक काम सोपं असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख किंवा जात चुकली असेल तर मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होऊ शकते. दाखला निघाल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

तपासा: आधार कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का? आईचं नावही बघा. नसेल तर हे काम आजच सुरू करा.

## टप्पा २: कारण शोधा, पण थेट विचारू नका

"शाळेत का जात नाहीस?" या प्रश्नाला पंधरा वर्षांचं मूल एकच उत्तर देतं: "कंटाळा येतो." त्यातून काहीच कळत नाही. बारीक विचारा. काल कितव्या तासाला निघालास? कोणत्या वाराला जास्त दांड्या होतात? डबा कुणासोबत खातोस? वर्गशिक्षकांकडून मागच्या तीन महिन्यांची हजेरी मागून घ्या आणि दांड्यांच्या तारखा कॅलेंडरवर टिंबांनी मांडा. टिंबं बाजाराच्या दिवशी पडत असतील तर कारण घरातलं काम असतं. घटक चाचणीच्या आसपास पडत असतील तर अभ्यास. मुलीच्या बाबतीत दर महिन्याला तीन-चार दिवस एकत्र दिसत असतील, तर शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था एकदा स्वतः जाऊन बघा.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नववीत होता, मागच्या बाकावर बसायचा, उद्धट म्हणून नाव झालेलं. त्याला मी पाचवीचं मराठीचं पुस्तक दिलं आणि वाच म्हटलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो अक्षर अक्षर जोडू लागला. तिसऱ्या शब्दापर्यंत कपाळावर घाम. मग पुस्तक मिटून म्हणाला, "सर, चष्मा लागलाय वाटतं." चष्म्याचा काही संबंध नव्हता. त्याला जोडाक्षरं येत नव्हती, आणि ते उघड होऊ नये म्हणून तो दरवेळी वर्गाबाहेर काढलं जाण्याची सोय करून घ्यायचा. आठवीपर्यंत त्याला कुणी अडवलं नव्हतं आणि नववीत सगळे विषय एकदम अंगावर आले होते. अशा मुलाला दुसऱ्या शाळेत घाला किंवा १७ नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरा, तो पुन्हा तिथेच अडकणार.

कारण कोणतं यावर पुढचा रस्ता ठरतो, म्हणून इथे आठ-दहा दिवस गेले तरी चालतील. तीन बाबतींत मात्र थांबू नका. मारहाण किंवा छळ होत असेल, मुलीचं लग्न ठरवण्याची बोलणी सुरू असतील, किंवा मूल धोकादायक कामावर जात असेल, तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करा. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगात कामाला ठेवायला बंदी आहे.

## टप्पा ३: येतं किती, ते मोजा

गुणपत्रिकेवर विसंबू नका. घरी अर्ध्या तासात होणारी परीक्षा घ्या:

1. दुसरीच्या पुस्तकातला एक धडा मोठ्यानं वाचायला सांगा.
2. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला द्या.
3. वर्तमानपत्रातली छोटी बातमी वाचून दोन वाक्यांत लिहायला सांगा.
4. इंग्रजीतली पाच साधी वाक्यं वाचून अर्थ विचारा.

पहिल्या दोन गोष्टी जमत नसतील तर दहावीची परीक्षा या वर्षी नको. आधी सहा महिने वाचन आणि हिशेब. ऐकायला वाईट वाटतं. पण घाई करून सहाही विषयांत नापास झालेलं मूल पुन्हा परीक्षेला बसायला सहसा तयार होत नाही.

सूचना: मूल बोलतं छान, समजतं सगळं, पण लिहिताना अक्षरं उलटी पडतात, ओळ सुटते, आकडे अदलाबदल होतात, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयातूनच लागतं. तिथली रांग मोठी असते आणि दोन-तीन भेटी लागतात. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि इतर सवलती मिळू शकतात. परीक्षेच्या महिन्याभर आधी धावाधाव केली तर काहीच हाती लागत नाही.

## टप्पा ४: रस्ता निवडा

शेजारच्या मुलानं काय केलं, हे बघून रस्ता निवडला जातो आणि तिथेच चूक होते. तुमच्या टप्पा २ आणि ३ च्या उत्तरांवरून निवडा.

त्याच शाळेत राहणं. कारण एखादा विषय, एखादा शिक्षक, बसची वेळ किंवा बाक असेल, तर तुकडी बदलणं आणि संध्याकाळचा एक तास एवढ्यानं भागतं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित रस्ता आहे.

रात्रशाळा. मुंबई-पुण्यात दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा आहेत. तिथलं मूल नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसतं, शिक्षक समोर असतात आणि हजेरी लागते. घरात पैशाची गरज आहे पण मुलाला एकट्यानं अभ्यास जमत नाही, अशा वेळी १७ नंबरपेक्षा मी आधी रात्रशाळा सुचवतो.

१७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची तीच परीक्षा, तीच पुस्तकं, फक्त खासगी विद्यार्थी म्हणून. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि वय १४ पूर्ण असावं लागतं. वर्ग भरत नाहीत. सहा विषय एकट्यानं उचलण्याची ताकद असेल, किंवा रोज शिकवणारं कुणी घरात असेल, तरच हा रस्ता धरा.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देऊन पुढे सरकता येतं. मराठी माध्यमही आहे. आजारपण, खेळ, स्थलांतर, गणिताची धास्ती अशा मुलांना हा मानवतो.

आयटीआय. आठवी उत्तीर्ण मुलाला वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा ट्रेडला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटरला दहावी लागते. वय किमान १४. हातानं शिकणाऱ्या मुलाला हा रस्ता खुलवतो. मात्र "दहावी जमत नाही म्हणून आयटीआय" असं मुलासमोर म्हणू नका, त्यानं ते शिक्षा समजून सुरू केलं तर तिथूनही सुटतं. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की भाषेची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. ती कशी मिळवायची, ते प्रवेश घेतानाच संस्थेत विचारा.

मूल पाचवी-आठवीच्याही आधी सुटलं असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षांपासून सुरुवात होते.

सावध: "तीन महिन्यांत दहावी, पास होण्याची हमी" अशी पाटी दिसली की बाहेरूनच परत फिरा. न ऐकलेल्या नावाच्या मंडळाची गुणपत्रिका अकरावीला, भरतीला, पासपोर्टला कुठेच चालत नाही. कॉब्से, म्हणजे देशातल्या मान्यताप्राप्त शालेय मंडळांची परिषद, सदस्य मंडळांची यादी ठेवते. पैसे देण्याआधी त्या यादीत नाव शोधा.

## टप्पा ५: १७ नंबरचा फॉर्म, या क्रमानं

1. मंडळाचं परिपत्रक वाचा. नोंदणी साधारण पावसाळ्यात होते आणि परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तारखा आणि शुल्क दरवर्षी नव्यानं जाहीर होतात, मागच्या वर्षीचे आकडे धरून बसू नका.
2. आता, या टप्प्यावर, शाळेतून दाखला काढा. मूळ प्रत लागते. ती हरवली असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र.
3. संपर्क केंद्र, म्हणजे तुमचे कागद जमा करून घेणारी शाळा, ठरवा. हे घराजवळचं, मुलाच्या माध्यमाचं हवं. फॉर्म भरण्याआधी त्या शाळेत जाऊन कारकुनाला भेटा. खासगी विद्यार्थ्यांचं काम कोण बघतं, प्रात्यक्षिकं कधी असतात, हे विचारा. केंद्र आणि माध्यम नंतर बदलून मिळत नाही.
4. ऑनलाइन अर्ज भरा. नाव दाखल्यावर आहे तसंच टाका. मोबाइल क्रमांक घरातल्या माणसाचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिलात तर सगळे निरोप त्याच्याकडे जातात.
5. अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती आणि मूळ कागद मुदतीत संपर्क केंद्रात जमा करा. प्रत्येक कागदाचा फोटो आधी काढून ठेवा.
6. नावनोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेचा अर्ज वेगळा भरा.

सहावा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात. १७ नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र संपर्क केंद्रातून पुढे भरायचं असतं. लोक नोंदणीची पावती देवघरात ठेवून निवांत होतात आणि जानेवारीत हॉल तिकीट आणायला जातात. तेव्हा वर्ष गेलेलं असतं.

तपासा: दिवाळीच्या आधी केंद्रात एक चक्कर. विचारायचे प्रश्न तीन: परीक्षा अर्जाची मुदत, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापन कधी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक कधी. विषयाचे २० गुण या कामांतून येतात. लेखी ८० मध्ये धडपडणाऱ्या मुलासाठी ते २० फार मोलाचे असतात.

नेहमीची चूक: एका शाळेत नियमित नाव आणि शिवाय १७ नंबरही, "दोन्हीकडं असू दे" म्हणून. अर्ज बाद होऊ शकतो. एकच रस्ता धरा.

## टप्पा ६: एनआयओएसचा प्रवेश

इथे फॉर्मपेक्षा विषयांची निवड महत्त्वाची. पुढे विज्ञान शाखा किंवा पॉलिटेक्निक घ्यायची शक्यता दहा टक्के जरी असली, तरी गणित आणि विज्ञान सोडू नका. ती शक्यता खरंच नसेल तर मुलाला झेपतील असे विषय घ्या आणि कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

राज्य मंडळाची दहावी देऊन एक-दोन विषयांत उत्तीर्ण झालेल्या मुलाला दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. ही मागणी प्रवेशाच्या वेळीच, गुणपत्रिका जोडून करा.

वर्षातून दोन परीक्षा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेशाचेही दोन गट आहेत, आणि कोणत्या गटात प्रवेश घेतला यावर पहिली परीक्षा ठरते. निकालानंतर अकरावीला जायचं असेल तर एप्रिल-मेची परीक्षा सोयीची. ऑक्टोबरची दिली तर पुढच्या जूनपर्यंत हातात मोकळा वेळ राहतो. एकदा सुटलेल्या मुलासाठी असा मोकळा वेळ धोक्याचा.

अभ्यास केंद्रातले संपर्क वर्ग ऐच्छिक वाटतात, पण मूल तिथे गेलंच पाहिजे. स्वाध्याय, ज्याला केंद्रात सगळे टीएमए म्हणतात, त्याला २० टक्के भार असतो. हे स्वाध्याय कुणाकडून तरी लिहून घेऊन जमा करण्याची पद्धत सर्रास आहे. तसं केलं की गुण मिळतात, पण लिहिण्याचा एवढा एकच सराव होता, तोही जातो.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे

फॉर्म भरला की घरच्यांना वाटतं काम झालं. मूल मात्र सकाळी दहाला उठतं, कारण घंटा वाजत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत रोज फक्त दीड तास. वेळ एकच, जागा एकच, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडू नका. मुलाला आधीच थोडं येणारा विषय घ्या, बहुतेकांना इतिहास-भूगोल किंवा मराठी जमतं. तिसऱ्या आठवड्यापासून गणित, तेही आठवीच्या पुस्तकातून. पाचव्या आठवड्यात मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका पुस्तक उघडं ठेवून सोडवायला द्या. उत्तर पुस्तकात शोधता येणं हीसुद्धा मोठी पायरी आहे.

मूल कामावर जात असेल तर अभ्यास कामाच्या आधी ठेवा. रात्री नऊला गॅरेजवरून आलेला मुलगा हातावरचं ग्रीस धुऊन पुस्तक उघडेल, ही अपेक्षा मी सोडून दिली. पहाटेचा एक तास रात्रीच्या तीन तासांना भारी पडतो. मालकाशी एकदा जाऊन बोला, आणि परीक्षेच्या महिन्यातल्या सुट्ट्या आधीच ठरवून घ्या.

घराबाहेरचं एक माणूस शोधा. जुने वर्गशिक्षक, वस्तीतली कॉलेजला जाणारी ताई, ग्रंथपाल, कुणीही चालेल. आठवड्यातून एकदा वही बघायची, एवढंच त्यांचं काम. आईवडिलांना दाखवायची वही मुलं टाळतात, बाहेरच्या माणसासाठी मात्र रात्री बसून पूर्ण करतात.

तपासा: सहा आठवड्यांनंतर टप्पा ३ ची परीक्षा पुन्हा घ्या. काहीच हललं नसेल तर रस्ता चुकला आहे. १७ नंबरवरून रात्रशाळा किंवा एनआयओएसचा पुढचा गट, असा विचार तेव्हाच करा. डिसेंबरमध्ये हातात फारसं काही उरत नाही.

## टप्पा ८: परीक्षा आणि निकालानंतर

केंद्र आदल्या दिवशी बघून या. खासगी विद्यार्थ्याला आपल्या ओळखीची मुलं दिसत नाहीत, आणि पहिल्या पेपरला गेटवरूनच परत आलेली मुलं मला ठाऊक आहेत. पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत जा.

राज्य मंडळात उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो, आणि उन्हाळ्यानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते. पुरवणीचा अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत भरायचा असतो. निकाल लागला त्या संध्याकाळी रडारड होणारच, ती होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अर्जाची तारीख बघा.

गुणपत्रिका हातात आली की केंद्राच्या खिडकीपाशीच उभं राहून नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख वाचा. इंग्रजी स्पेलिंगही एकेक अक्षर करून. चूक दिसली तर तिथेच, त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.